मनगटावरचा ११०: लष्करी बटणे, कफलिंक आणि कापली जाणारी कडी

मखमली अस्तराची एक छोटी डबी. आत दोन कफलिंक, चकचकीत, पितळी. दोन्हींवर मुकुट, मुकुटाखाली एक आकडा. सोबत छापील चिठ्ठी: 'अस्सल व्हिक्टोरियन लष्करी बटणांपासून हाताने बनवलेले'. लग्नातील भेट म्हणून, वकिलीची सनद मिळाल्याबद्दल किंवा केवळ हौस म्हणून अशा डब्या आज जगभर विकल्या जातात. इतिहासाची गोडी असलेल्या तरुणाला त्यांचा मोह पडावा यात नवल नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा सैनिकाच्या अंगरख्यावर असलेली वस्तू आपल्या बाहीवर मिरवता येते, हे आकर्षण लहान नव्हे.

अशी कफलिंक बनवावीत का, यावर संग्राहकांचे दोन तट आहेत. एकाला हा विध्वंस वाटतो, दुसऱ्याला जतन. या धाग्याचा पक्ष मधला आहे, पण गुळमुळीत नाही. कफलिंक जरूर बनवावीत. मात्र बटणाची मागची कडी कापून बनवू नयेत, आणि रणभूमीच्या मातीतून उकरलेल्या बटणांची तर मुळीच बनवू नयेत. असे का, हे समजण्यासाठी आधी बटण वाचायला शिकावे लागेल.

मराठी मुलखाचा पूर्वापार पोशाख बटणाचा नव्हता, बंदांचा होता. बाराबंदीच्या नावातच तिचे बारा बंद आहेत. कापडाची गुंडी होती. पण धातूचे ठसेदार बटण आणि त्यासाठी शिवलेले काज ही पुढची गोष्ट. 'काज' हा शब्दही पोर्तुगिजांच्या 'कासा'वरून, म्हणजे 'घर' या अर्थाच्या शब्दावरून आल्याचे मानले जाते. बटणाचे घर ते काज. युरोपीय सैन्यांत मात्र बटण हे अठराव्या शतकातच ओळखपत्र बनले होते. १७६७ साली ब्रिटिश राजाज्ञेने पायदळातील अधिकारी आणि शिपाई या दोघांच्याही बटणांवर रेजिमेंटचा क्रमांक उमटवणे सक्तीचे केले. तेव्हापासून एखाद्या सैनिकाच्या कोटावर बोट ठेवले, की तो कोणत्या पलटणीचा हे सांगता येऊ लागले.

पण ही सोय सर्वकाळ टिकली नाही, आणि नवख्याची फसगत नेमकी येथे होते. साध्या ब्रिटिश शिपायाचे बटण १८५५ पर्यंत कथील-मिश्रणाचे, राखाडी रंगाचे असे. त्यानंतर ते पितळी झाले. १८७१ मध्ये पायदळाच्या बहुतेक रेजिमेंटांतील शिपायांना क्रमांकाऐवजी राजचिन्हाचे एकसारखे बटण देण्यात आले. अधिकाऱ्यांची बटणे मात्र रेजिमेंटनिहाय वेगळीच राहिली. १८८१ च्या पुनर्रचनेत तर त्या पायदळाचे जुने क्रमांकच गेले आणि परगण्यांची नावे आली. मुकुटाचेही तसेच. राणी व्हिक्टोरियाच्या काळचा मुकुट वेगळा आणि १९०१ पासून १९५२ पर्यंतचा, उंच गोलाकार कमानींचा 'राजांचा मुकुट' वेगळा. १९५३ नंतर पुन्हा आकार बदलला. त्यामुळे डबीतील चिठ्ठी 'व्हिक्टोरियन' म्हणत असेल आणि बटणावर राजांचा मुकुट असेल, तर खोटे बटण बोलत नाही, चिठ्ठी बोलते आहे. असा प्रकार बाजारात विरळा नाही.

हिंदुस्थानी सैन्याच्या बटणांत तर ही गंमत अधिकच वाढते. एक उदाहरण पुरे. १९०३ मध्ये लॉर्ड किचनरने तिन्ही इलाख्यांच्या पलटणींना एकाच सलग क्रमाने नवे आकडे दिले. मद्रासच्या पायदळाच्या जुन्या क्रमांकांत साठ मिळवले गेले, मुंबईच्या पायदळाच्या क्रमांकांत शंभर. त्यामुळे मुंबई इलाख्याची ३ री पलटण १०३ वी झाली, ५ वी झाली १०५ वी, १० वी झाली ११० वी. या तिन्ही 'मराठा लाइट इन्फन्ट्री' म्हणून आणि ११४, ११६, ११७ या तीन 'मराठा' पलटणी म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे १९२२ मध्ये या सगळ्यांची मिळून '५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री' उभी राहिली आणि तीन अंकी आकडे कायमचे पुसले गेले. म्हणजे ज्या बटणावर ११० हा आकडा आणि मराठ्यांचे नाव एकत्र आहे, ते १९०३ पूर्वीचे असू शकत नाही आणि १९२२ नंतर तसे बटण घडवण्याचे काही कारणच उरत नाही. अवघी एकोणीस वर्षे. ११७ व्या पलटणीला तर पहिल्या महायुद्धातील कामगिरीबद्दल १९२१ मध्ये 'रॉयल' हा किताब मिळाला. '११७ रॉयल' अशी जोडी कोठे दिसली, तर तिचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे. रोमन लिपीत 'मराठा' शब्दाच्या मधोमध एक जास्तीचा 'एच' घातलेला असेल, तर ती साहेबी काळाची खूण समजावी. आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह असतील, तर प्रजासत्ताक आले आहे. (पूर्वीच्या १०५ व्या पलटणीचे वारसदार आजही स्वतःला 'काली पाँचवीं' म्हणवतात. आकडा बटणावरून गेला, जवानांच्या तोंडून गेला नाही.)

हे सारे झाले बटणाच्या तोंडाविषयी. खरी मेख पाठीत आहे.

जुन्या ब्रिटिश लष्करी बटणांचा मोठा हिस्सा बर्मिंगहॅममध्ये घडत असे, काही लंडनमध्ये. पत्र्यातून चकत्या कापायच्या, ठशाखाली दाबून नक्षी उठवायची, मागे दुसरी चकती बसवायची आणि तिला तारेची कडी डाखाने जोडायची, असा हा उद्योग. त्यात स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने राबत. मागच्या चकतीवर कडीभोवती गोलाकार ओळीत कारखान्याचे नाव उमटवलेले असे: फर्मिन, जेनन्स, हॅमंड टर्नर, स्मिथ अँड राइट, गाँट. अनेकदा नावाखाली रस्त्याचा पत्ताही असे. कारखाने पत्ते बदलत, भागीदार बदलत, मुले धंद्यात आली की नावापुढे 'अँड सन्स' लागे, पुढे कधी 'लिमिटेड' लागे. हे बदल व्यापारी नोंदींतून ताडून पाहता येतात. समोरची नक्षी चाळीस वर्षे तीच राहिली असली, तरी पाठीवरचा पत्ता त्या चाळिसांतली नेमकी आठ-दहा वर्षे काढून देऊ शकतो. बटणांचे अभ्यासक म्हणूनच बटण हातात आले, की आधी पालथे करतात.

पाठीवर आणखीही काही सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अधिकाऱ्यांच्या बटणांना सोन्याचा मुलामा देण्याची रीत पाऱ्याची होती. सोने पाऱ्यात कालवून तो लेप बटणांवर फासायचा आणि बटणे तापवायची. पारा उडून जाई, सोने चिकटून राही. उडालेला पारा कोठे जाई, हे सांगायला नको. मुलामा देणाऱ्या कारागिरांचे हात थरथरू लागत, दात हलू लागत. या धंद्यात फसवणूकही अमाप होती, म्हणून १७९६ साली ब्रिटिश संसदेने बटणांसाठी स्वतंत्र कायदा केला. बटणाला 'सोनेरी मुलाम्याचे' म्हणवायचे असेल, तर एक इंच व्यासाच्या १४४ बटणांमागे किमान ५ ग्रेन सोने लागलेच पाहिजे, असे त्याने ठरवून दिले. आजच्या मापात ते एक ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरते, आणि तेवढ्यात बारा डझन बटणे! मग स्पर्धा सुरू झाली. कोणी पाठीवर 'दुहेरी मुलामा' लिहिले, कोणी 'तिहेरी'. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि पाऱ्याची भट्टी हळूहळू विझत गेली. कारागिराच्या देहावर उमटलेला हा सगळा इतिहास, सरकारचा कायदा, व्यापाऱ्याची बढाई, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात लिहिलेला असतो. तोही अशा बाजूला, जी घालणाऱ्यालाही कधी दिसत नसे.

आता कफलिंक बनते कशी ते पाहावे. कोटाच्या छातीवरचे बटण सुमारे इंचभर रुंद, बाहीसाठी ते अवजड. म्हणून कफलिंकसाठी कोटाच्या बाहीवरची किंवा टोपीवरची लहान बटणे निवडतात. प्रचलित रीत अशी: कडी कातरायची, उरलेला खुंट कानशीने घासून पाठ सपाट करायची, आणि तेथे कफलिंकची फिरती दांडी डाखाने बसवायची. शेवटी घोटून चकचकीत करायचे. या अर्ध्या तासाच्या कामात कडी जाते, घासताना कारखान्याच्या नावातली निम्मी अक्षरे जातात, उरलेली डाखाखाली बुजतात. घोटण्यात आणखी एक गोष्ट जाते. शिपाई आपली बटणे रोज घासत. कापडाला पॉलिश लागू नये म्हणून बटणांखाली सरकवण्याची एक खाच पाडलेली पितळी पट्टीच त्यांच्याजवळ असे. वर्षानुवर्षांच्या त्या घासण्याने नक्षी एका विशिष्ट तऱ्हेने गुळगुळीत झालेली असते. यंत्राच्या चाकाखाली ती झीज आणि नवी झीज एक होऊन जाते.

दुसरी रीतही आहे, आणि तीच अधिक जुनी आहे. सतराव्या-अठराव्या शतकात सदऱ्याच्या बाह्या बांधण्यासाठी दोन बटणे छोट्या साखळीने जोडत. आजच्या कफलिंकचा पूर्वज तोच. लष्करी बटणाच्या मागे कडी आयती आहे. तिच्यातून बारीक साखळी ओवली, पलीकडे दुसरे बटण किंवा साधी आडवी दांडी अडकवली, की कफलिंक तयार. कापणे नाही, डाख नाही. उद्या साखळी काढली की बटण जसेच्या तसे. आपल्याकडे सदऱ्याला साखळीने जोडलेली सोन्याची बटणे घालणारी पिढी होऊन गेली, तिला ही रचना नवी वाटली नसती. कारागिराला यात थोडा अधिक वेळ लागतो आणि बाहीत अडकवताना मालकाला थोडी अधिक खटपट करावी लागते. एवढ्याशा गैरसोयीसाठी पाठीवरचा मजकूर नष्ट करणे हा तोट्याचा सौदा आहे.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ते असे की, कफलिंक झाली नसती तर ही बटणे उरलीच नसती. पितळ ही वितळवण्याची वस्तू आहे. पलटणी मोडल्या, गणवेश बदलले, महायुद्धांत भंगाराला भाव आला. जुनी बटणे किलोच्या भावाने मुशीत गेली. दागिना झालेली वस्तू सहसा कोणी वितळवत नाही. महाराष्ट्रातलाच पुरावा हवा असेल तर पुतळ्यांच्या माळेकडे पाहावे. पुतळी हे मुळात नाणे, व्हेनिसचे सोन्याचे डुकाट. त्यावरच्या मानवाकृतीमुळे तिला पुतळी म्हणू लागले. नाण्याला कडी जोडून त्याची माळ केली, ती सासूकडून सुनेकडे गेली, आणि हजारो मैल दूर पाडलेले नाणे मराठी घरांच्या पेट्यांत टिकून राहिले. नाणेशास्त्रज्ञ त्या कडीच्या डाखाकडे पाहून हळहळतो खरा, पण ती कडी नसती तर हळहळायलाही काही उरले नसते. हा युक्तिवाद मान्य करायलाच हवा. विसाव्या शतकातल्या राजचिन्हाच्या पितळी बटणांसारखी अफाट संख्येने पाडलेली बटणे आजही इतकी उपलब्ध आहेत, की त्यांतली काही कफलिंक झाली म्हणून इतिहासाचे फारसे बिघडत नाही. त्यांच्यावर गळा काढणाऱ्या संग्राहकांचा सूर थोडा दांभिकही वाटतो. त्यांच्या कपाटात बंद असलेली बटणे तरी कोण पाहतो?

तरीही पुतळी आणि बटण यांत एक भेद आहे. माळेतल्या पुतळीच्या दोन्ही बाजू वाचता येतात, कारण कडी काठावर जोडलेली असते. कफलिंकमध्ये आघात थेट मजकुरावर होतो. आणि काही बटणे विपुल नसतात. ज्या पलटणीचे नाव वर्षभरच टिकले, जी पलटण बंडानंतर मोडून टाकली, जिच्या शिपायांनी पत्रे-रोजनिशा फारशा मागे ठेवल्या नाहीत, तिच्या बटणाची जागा दुसरे बटण घेऊ शकत नाही.

मातीतून निघालेल्या बटणाची गोष्ट याहून निराळी. तेथे बटणापेक्षा जागा मोलाची असते.

२००१ साली लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियस येथे, जुन्या लष्करी बराकींच्या जागेवर बांधकामासाठी खोदताना यंत्राच्या दातांत मानवी हाडे आली. एका खड्ड्यात तीन हजारांहून अधिक माणसे होती. प्रथम शंका आली ती विसाव्या शतकातल्या हत्याकांडांची; त्या शहराने ती पुष्कळ पाहिली आहेत. पण हाडांबरोबर बटणे निघाली, आणि बटणांवर फ्रेंच रेजिमेंटांचे क्रमांक होते. डिसेंबर १८१२ मध्ये मॉस्कोहून परतताना थंडी, भूक आणि रोगराईने कोसळलेले नेपोलियनचे सैनिक होते ते. कोणत्या कोणत्या रेजिमेंटांची माणसे त्या खड्ड्यात टाकली गेली, हे बटणांनी सांगितले. पुढे २००३ मध्ये त्या अवशेषांचे शहरातल्या अंताकाल्निस स्मशानभूमीत सन्मानाने दफन झाले.

त्याच बटणांनी जाता जाता एका लाडक्या दंतकथेलाही धक्का दिला. नेपोलियनच्या सैन्याची बटणे कथलाची होती, रशियाच्या थंडीत कथलाची भुकटी झाली, सैनिकांना कोट सावरावे लागले आणि मोहीम बुडाली, ही कथा समाजमाध्यमांवर आजही फिरते. शुद्ध कथील १३ अंश सेल्सियसच्या खाली रूप बदलू लागते हे खरे; पण तो बदल अतिशय संथ असतो आणि थोड्याशा भेसळीनेही अडतो. शिवाय फ्रेंच पायदळाच्या कोटांवरची बटणे पितळी होती. थंडीने माणसे मेली, बटणे शाबूत राहिली. म्हणूनच तर ती १८९ वर्षांनी साक्ष देऊ शकली.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न येथे लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी जनरल कस्टरच्या तुकडीचा फडशा पाडला. त्या तुकडीतला एकही सैनिक सांगायला उरला नाही. योद्ध्यांनी जे सांगितले त्यावर गोऱ्या इतिहासकारांनी पुरेसा विश्वास ठेवला नाही. १९८३ च्या वणव्यात तेथले गवत जळून गेले, आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन सारे रान पिंजून काढले. काडतुसांची टरफले, गोळ्या, बटणे, जे जे सापडले त्याच्या जागी निशाण रोवून नकाशावर नोंद केली. त्या ठिपक्यांवरून कोण कोठून कोठे सरकले, गोळीबार कोठे तुटला, ते समोर आले, आणि योद्ध्यांच्या कथनाला पुष्कळ ठिकाणी आधार मिळाला. तेच अवशेष कोणा हौशी माणसाने खिशात घालून नेले असते, तर त्यांची किंमत बाजारात शंभर-दोनशे डॉलर झाली असती आणि इतिहासात शून्य. 'अमुक लढाईच्या मैदानात सापडलेले' अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या कफलिंककडे या नजरेने पाहावे. जाहिरात खोटी असेल तर फसवणूक. खरी असेल तर बहुधा त्याहून वाईट.

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून द्यावे, तर ११० हा आकडा आड येतो.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, गेलेली ६ वी डिव्हिजन 'पुणे डिव्हिजन' म्हणून ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान असे त्यांचे शिपाई. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ही फौज कुत अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. शेवटी उपासमारीने सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली, आणि त्यानंतरच्या वाळवंटी पायपिटीत व कैदेत त्यांतले हजारो मेले. मेसोपोटेमियातील ज्या मृतांना स्वतंत्र कबर वा चितेची जागा नाही, अशांसाठी बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश अधिकाऱ्यांची आणि शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची नावे मात्र भिंतीवर नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे मेलेल्यांची संख्या, एवढेच. त्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा असमान वागणुकीची कबुली देऊन क्षमा मागितली. हे स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने शहराबाहेर वाळवंटात हलवले गेले. सातारा-रत्नागिरीचा कोणी नातू-पणतू तेथे सहज जाऊन येईल, अशी ती जागा नाही.

ज्यांची नावे भिंतीला मिळाली नाहीत, त्यांच्या पलटणीचा आकडा ज्या वस्तूवर आहे ती वस्तू केवळ शोभेची उरत नाही. तिची पाठ घासण्यापूर्वी दोनदा विचार व्हावा, ही अपेक्षा भाबडी म्हणता येणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. बाजाराला सोनेरी मुलाम्याची, अधिकाऱ्यांची बटणे अधिक प्रिय, कारण ती घोटल्यावर शोभून दिसतात. आणि कफलिंक ही मुळात साहेबाच्या सदऱ्याची वस्तू. त्यामुळे डबीतल्या चिठ्ठीवर जो इतिहास येतो तो मेसमधल्या मेजवान्यांचा, राणीच्या राज्याचा, रुबाबाचा. शिपायाच्या साध्या पितळी बटणाची चिठ्ठी कोणी लिहीत नाही. फ्रान्समध्ये ५ जानेवारी १८९५ रोजी कॅप्टन आल्फ्रेड द्रेफ्यूस या निरपराध ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवून सैनिकी विद्यालयाच्या प्रांगणात उभे केले गेले, तेव्हा सर्वांसमक्ष त्याच्या गणवेशावरची चिन्हे आणि बटणे ओरबाडून काढली, तलवार मोडली. अकरा वर्षांनी त्याच विद्यालयाच्या आवारात त्याला सन्मानचिन्ह देण्यात आले. गणवेशातून माणसाला बाहेर काढायचे तर बटण तोडावे लागते, हे त्या काळच्या सैन्यांना पक्के ठाऊक होते. आज कडी कातरणाऱ्या कारागिराच्या मनात असे काही नसते, हे उघड आहे; त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न ती घडवून घेणाऱ्याच्या जाणतेपणाचा आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात वा मुंबईच्या चोरबाजारात कोणा तरुणाच्या हाती असे बटण लागले, तर त्याने करण्याजोगे बरेच आहे, आणि ते महागडेही नाही. घासू नये, हिरवट-काळी झाक ही घाण नसून बटणाचे वय आहे. समोरून आणि मागून, तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे झिजलेली अक्षरेही वाचता येतात. व्यास मोजावा, कोठे आणि केव्हा मिळाले ते लिहून ठेवावे, विकणाऱ्याने सांगितलेली कथा 'विकणाऱ्याचे म्हणणे' म्हणूनच टिपावी. भारतात १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाइकाला टपालाने बटण धाडण्याआधी हे ध्यानात असावे. मग हौस असेल तर सोनाराकडे जावे आणि साखळीची कफलिंक मागावी. सोनार पहिल्यांदा म्हणेल की कडी कापलेली बरी, दांडी मजबूत बसते. त्याला सांगावे की कडी राहू द्या, साखळी ओवा. पाठीवर कारखान्याचे नाव असेल तर तेही त्याला दाखवावे. सोनाराच्या कारागिराला दुसऱ्या कारागिराची खूण लगेच कळते, आणि मग कानस तो आपणहून बाजूला ठेवण्याची शक्यता बरीच असते.